रद्दीतले मणी: कागद बघायचा तो कडेने

रद्दीचा गठ्ठा बांधायला घेतला की मी तो आधी आडवा धरते, डोळ्यांच्या रेषेत आणते आणि त्याच्या कडा बघते. कुठल्या पानाची छपाई थेट काठापर्यंत गेली आहे, कुठे पांढरा समास सुटला आहे, कुठे निळ्याची एकच रेघ डोकावते आहे. बावीस वर्षं मी बाइंडिंगचं काम केलं. पुस्तकं शिवली, कापली, पुठ्ठे चढवले. त्या कामात कागद ओळखायचा तो कडेवरून. मणी करायला लागले तेव्हा तीच सवय कामी आली. कागदाचा मणी गुंडाळून झाला की पानावरचं चित्र आत जातं. बाहेर दिसतात त्या दोन्ही बाजूंच्या कडा, एकीला लागून एक चढत गेलेल्या, आणि अगदी मधोमध पट्टीचं शेवटचं टोक. म्हणून फुलांचं देखणं चित्र निवडावं तर मणी पांढुरका निघतो, आणि एखाद्या कंटाळवाण्या जाहिरातीच्या पानाचा मणी मात्र बघत राहावा असा होतो.

सामान घरात असतंच. कटर, स्टीलची फूटपट्टी, खाली घ्यायला जाड पुठ्ठा, 2 मिलिमीटर जाडीची विणकामाची सुई, लाकूडकामाचा पांढरा गम, एक बारीक ब्रश आणि पाण्यात मिसळणारं पारदर्शक वॉर्निश. वॉर्निश तेवढं विकत आणावं लागतं. ते टाळायचा प्रयत्न मी केला होता, त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

पहिला मणी लांबट त्रिकोणाचा करा. त्रिकोणाचा पाया जेवढा, तेवढी मण्याची लांबी. आणि पट्टी जेवढी लांब, तेवढा मणी पोटात जाड. पाया 2 सेंटिमीटर, लांबी 30 सेंटिमीटर आणि कागद नेहमीचा, 0.1 मिलिमीटर जाडीचा घेतला तर 2 मिलिमीटरच्या सुईवर मधोमध साडेसहा मिलिमीटर जाडीचा मणी होतो. आत बावीस-तेवीस वेढे बसतात. पट्टी दुप्पट, म्हणजे 60 सेंटिमीटर केली तरी मणी दुप्पट होत नाही, 9 मिलिमीटरवर थांबतो, कारण मणी फुगत जातो तसा बाहेरच्या एकेका वेढ्याला जास्त कागद लागतो. मासिकाचा गुळगुळीत कागद यापेक्षा पातळ असतो, त्याचा मणी त्याच लांबीत बारीक निघतो. टपोरा मणी हवा असेल तर पट्ट्या जोडत बसण्याऐवजी जरा जाड कागद घ्यावा, हे माझं मत.

ए-फोर आकाराच्या कागदावर आखणी अशी करायची. कागद उभा ठेवा. वरच्या 21 सेंटिमीटरच्या कडेवर डाव्या कोपऱ्यापासून 0, 2, 4 अशा खुणा 20 पर्यंत करा. खालच्या कडेवर 1, 3, 5 अशा 21 पर्यंत. आता वरची 0 खालच्या 1 ला जोडा, खालचा 1 वरच्या 2 ला, तो 2 खालच्या 3 ला, असं नागमोडी जोडत जा. एका कागदातून पूर्ण वीस पट्ट्या निघतात आणि दोन्ही टोकांना एकेक अर्धी. अर्ध्या पट्ट्या टाकू नका. त्यांची एक बाजू सरळ असल्यामुळे त्यांचा मणी एका बाजूला निमुळता, शंकूसारखा होतो आणि माळेच्या दोन टोकांना, फाशाच्या आधी, तो फार छान बसतो.

कापायचं ते फूटपट्टी दाबून, कटरने, एका ओढीत. कात्री हातात असली की शेवटच्या पाच सेंटिमीटरला हात वाकतोच आणि ते वाकणं मण्यावर चढून दिसतं. टोक सुईसारखं निघालं असेल तर तीन-चार मिलिमीटर छाटून बोथट करा. फार बारीक टोक गमाने भिजतं, कुरतडल्यासारखं होतं आणि महिन्याभरात सुटून वर येतं.

आता कागदाच्या ग्रेनबद्दल. बाइंडिंगमध्ये शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायची ही गोष्ट. कागद तयार होताना लगद्यातले तंतू यंत्र ज्या दिशेने धावतं त्या दिशेला झोपतात. त्यामुळे कागद एका बाजूने सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने आडमुठेपणा करतो. पान घ्या, घडी न घालता नुसतं उभं वाकवा, मग आडवं वाकवा. ज्या बाजूने ते निमूट वाकेल त्याच बाजूने पट्टी गुंडाळली गेली पाहिजे. मासिकाच्या पातळ पानाला फरक पडत नाही, तिथे बिनधास्त कापा. पण दिनदर्शिकेचं जाड पान, शुभेच्छापत्र किंवा औषधाचा खोका घेतलात आणि ग्रेनच्या विरुद्ध गुंडाळलात, तर वरचा छापील थर तडकतो आणि मण्याभोवती पांढऱ्या चिरा उमटतात. त्या रंगाने झाकता येत नाहीत.

कडांकडे परत येते, कारण मण्याचं रूप ठरतं ते इथे. छापील कागद कापला की कापाच्या रेषेत आतला पांढरा कागद दिसतो. एका पट्टीत तो जाणवतही नाही, पण बावीस वेढ्यांच्या बावीस पांढऱ्या रेघा शेजारी शेजारी आल्या की मणी धुरकट वाटतो. त्यावर उपाय पुस्तकांचाच आहे. जाड वह्यांच्या, ग्रंथांच्या कडा लाल किंवा निळ्या रंगवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. पानं घट्ट दाबून एकजीव ठोकळ्यासारखी करायची आणि मग कड रंगवायची, म्हणजे रंग आत झिरपत नाही. पट्ट्यांचंही तसंच करा. वीस पट्ट्या पाया पायाला, टोक टोकाला अशा एकावर एक नीट रचा, वर-खाली त्याच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे लावा, चिमट्यांनी आवळा आणि स्केचपेन आडवं धरून दोन्ही तिरप्या कडांवरून एकदाच फिरवा. दाबायचं नाही, रेंगाळायचं नाही. वाळल्यावर पट्ट्या सुट्या करा. काळ्या कडेने कुठल्याही रंगाचा मणी रेखीव होतो, तांबूस कडेने जुन्या लाकडासारखा दिसतो. वहीची साधी रेघी पानं, पाकिटांच्या आतली निळी जाळीदार छपाई, कालबाह्य झालेले नकाशे यांना मी हेच करते. नकाशाच्या मण्यात कधी कधी एखाद्या गावाच्या नावाचं अर्धं अक्षर टोकावर येऊन थांबतं. तो मणी मी माळेत पुढे ओवते.

गुंडाळताना सुईवर आधी मेणबत्ती घासून घ्या, मणी पुढे सहज निसटतो. रुंद बाजूने सुरुवात. पहिला वेढा कोरडा, गम अजिबात नाही, नाहीतर मणी सुईलाच चिकटतो. हा पहिला वेढा घाई न करता घाला. पट्टीची कड स्वतःवर परत येते तेव्हा ती आधीच्या कडेवर बरोबर बसली पाहिजे, केसभरही डावीकडे-उजवीकडे नको. अंगठा खाली, तर्जनी वर, पट्टी डाव्या हाताने हलकी ताणलेली. चार-पाच सेंटिमीटर गुंडाळल्यावर उरलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला गमाचा पातळ हात फिरवा. बोटावर घेतलेला गम बोट कोरडं वाटेपर्यंत पुसत न्यायचा, तेवढाच. मग फिरवत राहा. तिसरा हिस्सा झाला की थांबून बघा: दोन्ही बाजूंच्या पायऱ्या सारख्या आहेत का? एका बाजूच्या रुंद आणि दुसऱ्या बाजूच्या अरुंद दिसत असतील तर टोक सरकलं आहे. मणी चिमटीत दाबून सरळ करायला जाऊ नका. उलगडा आणि परत घाला. ओला गम एवढी सवड देतो. शेवटचं टोक मधोमध आलं की त्यावर बोट ठेवून मनात वीसपर्यंत मोजा.

सुईवरून काढलेला मणी हलका दाबून बघा. तो दबला तर वेढे सैल आहेत, वाळल्यावरही तो तसाच राहील. घट्ट मण्याला नख मारलं तर लाकडासारखा टक् आवाज येतो.

वॉर्निशचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला मी गमात पाणी घालून त्याचेच दोन हात द्यायची. वाळल्यावर पारदर्शक, चकचकीत. मला वाटलं काम झालं. अशी एक माळ धाकट्या बहिणीला दिली, गर्द लाल, बावीस मण्यांची. तिने ती उकाड्याच्या दिवसात पांढऱ्या कुर्त्यावर घातली. संध्याकाळपर्यंत घामाने वरचा थर चिकट झाला, मणी एकमेकांना धरायला लागले आणि कॉलरवर गुलाबी डागांची ओळ उठली. ती काही बोलली नाही, कुर्ता भिजत घातला. मला ते फार लागलं. साधा पांढरा गम वाळला तरी पाण्याने पुन्हा मऊ होतो, एवढं बाइंडिंगच्या बाईला आठवायला हवं होतं.

म्हणून आता असं करते. दोन भाग गम आणि एक भाग पाणी, याचा एक हात तळाला, वेढे पकडून ठेवायला. तो पूर्ण वाळला की पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. एक जाड हात देण्यात वेळ वाचत नाही. तो खाली ओघळतो आणि मण्याच्या बुडाशी थेंब होऊन बसतो. मणी दात कोरायच्या काड्यांवर अडकवा, काड्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचा आणि पहिली दहा मिनिटं अधूनमधून काडी फिरवत राहा. मुख्य म्हणजे भोकाची दोन्ही तोंडं विसरू नका. मणी पाणी पितो तो तिथून, कारण तिथे कागदाच्या सगळ्या थरांच्या उघड्या कडा असतात. बारीक ब्रशचं टोक भोकात घालून फिरवायचं. वॉर्निशऐवजी रंगहीन नेलपॉलिश वापरणारे खूप आहेत. दोन-चार मण्यांना चालतं, पण त्यातल्या द्रावकाने काही शाया सुटतात, विशेषतः लेझर प्रिंटरच्या. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून बघा, आणि खिडकी उघडी ठेवा.

दोन कागद मी घेत नाही. एक, दुकानातल्या छापील पावत्यांचा गुळगुळीत कागद. तो उष्णतेने छापला जातो आणि त्याच्या लेपात बहुधा बिस्फेनॉलसारखी रसायनं असतात. अंगावर घालायच्या वस्तूत ती नकोत. शिवाय तो उन्हात, गरम जागी काळवंडतो. दुसरा, वर्तमानपत्राचा. त्याची शाई हाताला लागते आणि ओल्या ब्रशखाली पसरते. आतला गाभा म्हणून वापरायला मात्र हरकत नाही. पट्टीचा पहिला निम्मा भाग वर्तमानपत्राचा, वरचा चांगल्या कागदाचा, असं जोडून मोठे मणी स्वस्तात होतात.

दुधाच्या, सरबताच्या चौकोनी खोक्यांची आतली बाजू चंदेरी असते. कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम असे थर त्यात एकत्र दाबलेले असतात. खोका उघडून साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, चंदेरी बाजू वर ठेवून पट्ट्या कापा. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक असल्यामुळे पांढरा गम इथे धरत नाही. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला दुहेरी चिकटपट्टी लावा, किंवा चप्पल-बुटांना वापरतात तो गम. मटेरियल जाड आहे, तेव्हा 10 ते 12 सेंटिमीटरची पट्टी पुरते. याला वॉर्निश लागत नाही.

पुठ्ठ्याचे खडबडीत ट्रे, ज्यात अंडी येतात ते, यांच्या लगद्याचे मणी वेगळेच होतात, मातीच्या मण्यांसारखे. ट्रे बारीक फाडून रात्रभर गरम पाण्यात भिजवा. सकाळी हाताने कुस्करा, मग मिक्सरच्या जुन्या, स्वयंपाकाला वापरत नाही अशा भांड्यात भरपूर पाणी घालून फिरवा. फडक्यात पिळून काढा. मुठीत दाबल्यावर थेंब थेंब पाणी सुटेल इतपत ओला लगदा ठेवा, अगदी कोरडा पिळलात तर तो भुगा होतो. पेलाभर लगद्याला तीन मोठे चमचे पांढरा गम घालून कणकेसारखा मळा. गोळ्या वळून एक तासभर तशाच राहू द्या, मग दाभण फिरवत फिरवत आरपार भोक पाडा. सरळ टोचलं तर पलीकडच्या बाजूला गोळी फुटते. वाळताना गोळी आकसते आणि भोकही लहान होतं, म्हणून हव्या त्यापेक्षा दीडपट मोठं भोक ठेवा. सावलीत, दिवसातून दोनदा उलटून, दोन ते तीन दिवस. उन्हात घाईने वाळवलेल्या गोळ्या वरून टणक होतात आणि आत ओल राहते. आठवड्याने वास यायला लागला की ते कळतं. पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, रंगवा, वॉर्निश द्या.

कापडाचं थोडक्यात. जुन्या सुती कपड्यांच्या 2 सेंटिमीटर रुंद पट्ट्या सरबताच्या कागदी नळीच्या तुकड्यावर गम लावून गुंडाळायच्या आणि वरून रंगीत दोरा आवळून फिरवायचा. जीन्सच्या शिवणीचा जाड पट्टा असेल तर त्याचे नुसते तुकडे करून मधून दाभणाने दोरा काढला तरी मणी झाला.

प्लॅस्टिकच्या बाटलीचे मणी मोठ्यांनीच करावेत. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात 1 आकडा असेल तीच घ्या. 3 आकड्याचं प्लॅस्टिक कधीही तापवू नका, त्यातून घातक आम्लाचा धूर निघतो. बाटली कारखान्यात गरम असताना ताणून, फुगवून बनवलेली असते. ती पुन्हा साधारण 80 अंशांच्या वर तापली की ताण सुटतो आणि प्लॅस्टिक आकसतं. याच कारणाने बाटलीची मान आकसत नाही, ती ताणलेलीच नसते. मधला गुळगुळीत भाग घ्या. 1 सेंटिमीटर रुंद, 7 सेंटिमीटर लांब पट्टी लोखंडी सुईवर गुंडाळा, टोक पकडीने धरा आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या चार-पाच सेंटिमीटर वर फिरवत राहा. ज्योतीत गेली तर काजळी बसते. पट्टी सुईला आवळून बसली, कडा गोलसर झाल्या की बाजूला. सुईचं दुसरं टोक कापडात गुंडाळून धरायचं, ते तापतं. कडांवरून बोट फिरवून बघा. कुठे धार राहिली असेल तर तो मणी गळ्यात नको. खिडकी सताड उघडी हवी, आणि एका बैठकीत दहा-बारा मणी पुरे.

काचेच्या बाटल्यांचं काय, असं मला नेहमी विचारतात. घानामधले क्रोबो लोक बाटल्या कुटून काचेची पूड मातीच्या साच्यांत भरतात, मधोमध कसावाच्या पानाचा देठ उभा करतात आणि साचे भट्टीत घालतात. देठ जळून जातो, भोक राहतं. ते मणी अप्रतिम असतात. पण काचेची बारीक पूड फुप्फुसात जाणं आणि भट्टी, या दोन्ही गोष्टी घरातल्या टेबलावर आणू नयेत.

ओवताना मेणाचा हात दिलेला दोरा घ्या. भोक 2 मिलिमीटर असेल तर 1 मिलिमीटरचा दोरा बरोबर बसतो. गळ्यालगतच्या माळेला 45 सेंटिमीटर धरले तर 2 सेंटिमीटरचे बावीस मणी लागतात. मी सोळाच घेते आणि दोन मण्यांमध्ये एकेक जुनं बटण किंवा लगद्याची बारीक गोळी घालते, म्हणजे मणी मण्याला घासत नाही आणि वॉर्निश टिकतं. गाठ मारताना सुई गाठीच्या फाशात ठेवून मण्याच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायची आणि मग सुई काढून दोरा खेचायचा, गाठ जिथे हवी तिथेच बसते. प्रत्येक मण्याला अशी गाठ असली की माळ तुटली तरी एकच मणी गळतो. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर हे नक्की करा आणि सुटे मणी झाकणाच्या डब्यात ठेवा, ते घशात अडकतात.

माळ पावसात, अंघोळीत घालू नये, अत्तर लावल्यावर लगेच घालू नये. मळली तर ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. दर माळेमागे दोन मणी जास्तीचे करा आणि त्याच कागदाची एक न गुंडाळलेली पट्टी त्यांच्यासोबत पाकिटात ठेवा, कडेच्या रंगाचं नाव वर लिहून. बहिणीची लाल माळ मी दुसऱ्यांदा केली तेव्हा तसं पान पुन्हा मिळालं नाही. दिनदर्शिकेच्या लाल आकड्यांच्या कडेवरून ती जुळवली. आता तिच्या पाकिटात दोन मणी आणि एक पट्टी आहे.